हा उठेपर्यंत बसा

लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागला की माणसं त्याला शिव्या घालतात. मी रोज ऐकते. दादरच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळते ना, माझा जन्मच त्यात चाललाय. पण लॅपटॉपच्या त्या उशिरावरच जिचं सगळं काम चालायचं अशी बाई मी एकच पाहिली. ती म्हणजे आमच्या चाळीतली शालूमावशी.

शालूमावशी लग्नं जमवायची. चिंचपोकळी स्टेशनावरून चालत यायचं, पहिला मजला, जिन्याला लागून खोली. दारावर पाटीबिटी काही नाही. पण आसपासच्या कुठल्याही विहारात विचारलं असतं तरी कुणीही बोट दाखवलं असतं. मुलामुलींचे फोटो घेऊन बौद्ध आईबाप कुठून कुठून यायचे, ठाण्याहून, पनवेलहून, एकदा तर नाशिकहून. तिची स्वतःची नोकरी महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून झाली, नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला, मुलगा मिलिंद बदलापूरला संसार थाटून बसलाय. याहून जास्त मला माहीत नाही. आम्ही समोरच्याच खोलीतले, मालवणकडचे, माझी आई आणि ती कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे करायच्या, तरी माहीत नाही. विचारलं की म्हणायची, "माझं काय घेऊन बसलीस, तुझं सांग." आणि आपण मुकाट आपलं सांगायला लागायचो.

तिचा लॅपटॉप म्हणजे मिलिंदच्या ऑफिसने काढून टाकलेला. पाटासारखा जाड, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. एक बटण निघून पडलं होतं, तिथे तिने शर्टाचं पांढरं बटण चिकटवलं होतं आणि ते छान चालायचंही. मोबाइलवर तिचा विश्वास नव्हता. माणसाचा चेहरा जरा मोठा दिसला पाहिजे म्हणायची, डोळे नीट बघता आले पाहिजेत.

आता तिची पद्धत सांगते. मंडळी यायची, जय भीम व्हायचा, पाणी दिलं जायचं. मग ती सगळ्यांच्या समोर लॅपटॉपचं बटण दाबायची आणि म्हणायची, "हा उठेपर्यंत बसा." एवढंच. मग ती लसणाचं ताट पुढ्यात ओढून सोलायला बसायची. चौकशी नाही, गप्पा नाहीत, मान खाली. इकडे लॅपटॉपचा पडदा आधी काळा, मग निळा, मग ते चक्र फिरायला लागायचं ते फिरतच राहायचं. अख्खा गड्डा सोलून व्हायचा तरी साहेब उठलेले नसायचे.

आता तुम्हीच सांगा, चार माणसं एका दहा बाय बाराच्या खोलीत गप्प किती वेळ बसणार? आधी आईबाप घरून पाठ करून आलेलं बोलून घ्यायचे. मुलगा निर्व्यसनी, मुलगी गृहकृत्यदक्ष, आम्हाला घेण्यादेण्याचं काही नाही. ते संपायचं. चक्र फिरतंय. मग चाळीची चौकशी, पाणी किती वाजता येतं, तेही संपायचं. मावशीची मान खालीच. आणि मग कुणाच्या तरी तोंडातून खरं काय ते निसटायचं.

"पाठ केलेलं पहिल्या घोटात संपतं," ती म्हणायची. "मग माणूस बोलायला लागतो."

एकदा असेच निर्व्यसनी चिरंजीव आले होते. चक्र फिरत होतं तेवढ्यात त्यांना दोनदा महत्त्वाचा फोन आला, दोनदा ते खाली जाऊन आले आणि दोन्ही वेळा तोंडात बडीशेप घेऊन आले. आई बिचारी बोलतच होती. मावशीने लसणाची साल फुंकली, लॅपटॉपकडे बघितलं आणि आज नेट नाही म्हणाली. खरं तर त्या फोटोंना नेट लागतच नव्हतं. मी दारातच उभी होते, मला हसू आवरेना, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी घरात पळाले.

उलटंही व्हायचं. एक मुलगी आली होती, काळीसावळी, अंग चोरून बसलेली. बाप तिच्या मार्कांचं सांगत होता. मोरीत नळ टपटपत होता, तो आमच्याकडचा कायमचाच. ही पोरगी कुणी न सांगता उठली, नळ घट्ट केला, येताना लोळणारी वायर भिंतीला सरकवली आणि परत जागेवर येऊन बसली. मंडळी गेल्यावर मी म्हटलं, किती गुणी आहे गं. मावशीला आनंद झालेला दिसला नाही. म्हणाली, "गुणी आहे म्हणूनच भीती वाटते. न सांगता उठणारीला लोक बसूच देत नाहीत. हिच्यासाठी घर बघायचं तर हिला 'बस' म्हणणारं बघायचं." आणि तिने ते बघितलं, सात-आठ महिने लावून.

आमच्याकडे गुण जुळवायला भटजी लागतो यावरून ती माझी कायम खेचायची. तुमच्यात पत्रिका, आमच्यात हा, असं म्हणून लॅपटॉपवर थाप मारायची. आणि आपल्या लोकांना तरी ती सोडत होती असं नाही. एक गृहस्थ आल्या आल्या म्हणाले, आम्हाला रत्नागिरीकडचीच पाहिजे, घाटावरची नको, रीत वेगळी पडते. मावशी स्वतः रत्नागिरीची. तिने बटण दाबलं. चक्र फिरता फिरता त्यांच्याच बायकोच्या बोलण्यात आलं की सासूबाई मूळच्या साताऱ्याच्या. मावशी म्हणाली, "मग त्यांना परत पाठवणार का आता?" गृहस्थ एवढे ओशाळले की पुढे सून आणली ती कऱ्हाडची, आणि लग्नात मावशीला वाढायचा आग्रह करकरून जीव नकोसा केला.

तर असं सगळं चाललं होतं. पण दिवस बदलतात. येणारे आईबाप बदलले नव्हते, त्यांच्याबरोबरची मुलं बदलली. ती घड्याळ बघायची, मोबाइल बघायची. एका मुलीने तोंडावर सांगितलं, मावशी, एवढ्या वेळात मी फोनवर शंभर मुलं बघते. मिलिंदलाही आईची लाज वाटायला लागली असावी. तो दर रविवारी यायचा आणि नवीन घेऊ म्हणायचा. मावशीला नवीन नको होता, याच्यातच सगळ्या पोरी आहेत म्हणायची, जसं काही दुसरीकडे नेलं की त्या सांडणार होत्या.

शेवटी मिलिंदने मला विचारलं आणि मी त्याला सोपा मार्ग सांगितला. लॅपटॉप तोच राहू दे, फक्त आतली डिस्क बदलू. जुनी काढून एसएसडी घालायची, आतलं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवून घ्यायचं. फोटो हलणार नाहीत, काही हलणार नाही. तो लॅमिंग्टन रोडवरून घेऊन आला, आणि एका रविवारी मी मावशीच्या खोलीत चटई टाकून, लॅपटॉप पालथा घालून, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. मावशी माझ्यासमोर बसली होती. तिचा चेहरा असा, की घरातल्या कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय.

मागचं झाकण काढलं तर आत धुळीचा गोधडीसारखा थर. तो साफ केला. तिने विचारलं, याच्यातलं हळू कोण आहे? मी जुनी डिस्क काढून तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, याच्या पोटात एक ताटली फिरते आणि एक सुई तिच्यावर शोधत बसते. नव्यात फिरायचं काही नाही, मागितलं की लगेच हजर. तिने ती डिस्क कानाशी नेली, मग पदराने पुसली आणि रिकाम्या साखरेच्या डब्यात ठेवली. टाकून दे म्हटलं तर म्हणाली, टाकायला काय झालं, एवढी वर्षं राबलीय ती.

सगळं आधीच उतरवून घेतलेली नवी डिस्क बसवून मी बटण दाबलं. मावशी सवयीने उठली, लसणाचं ताट घेतलं, येऊन बसते तर पडद्यावर सगळं उघडून तयार. ती माझ्याकडे बघायला लागली.

"अगं, हा तर उठून बसलाच आहे की."

मला वाटलं खूश झाली. झालीही असेल. पुढचे पंधरा दिवस तिने अख्ख्या चाळीला बोलावून दाखवलं, बघ बघ, दाबलं की उठतो. माझी कॉलर ताठ. आणि तिच्याकडची गर्दीही वाढली. मंडळी यायची, फोटो बघायची, हा नको, हा बरा, नंबर घ्यायची आणि उठायची. पाण्याचा पेला भरलेलाच राहायचा. लसूण सोलायचा राहिला म्हणून ती आता बाजारातून सोललेला आणायला लागली. मला ते दिसत होतं, पण त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटणार?

आता प्रज्ञाचं सांगायला हवं. प्रज्ञा आमच्याच मजल्यावरची, गॅलरीच्या टोकाच्या खोलीतली. परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. वडील नाहीत. आई सुनंदाने शिवणाच्या मशीनवर तिला शिकवलं. बरीच वर्षं कंत्राटावर घासल्यावर पोरगी कायम झाली तेव्हा सुनंदाने अख्ख्या मजल्याला बुंदी वाटली आणि वाटता वाटता रडली. मावशीने प्रज्ञासाठी बघायला घेतलं तेव्हा प्रज्ञा म्हणाली, मला मुलगा कसाही चालेल, काळा-गोरा, ठेंगणा. अट एकच. ड्युटी सोडणार नाही. आणि ही अटच सगळ्यांना नडत होती. नर्स म्हटलं की लोक आधी कौतुक करायचे आणि मग रात्रपाळीचं विचारायचे आणि मग कळवतो म्हणायचे.

अशात कॉटन ग्रीनच्या साळवेबाई आल्या. मुलगा सुशांत, खाजगी कंपनीत, स्वतःची खोली. बाईंनी आल्या आल्या सांगितलं, नर्स असेल तर बघा, आम्हाला नर्सच पाहिजे. मावशीला वाटलं, हे तर सोन्याहून पिवळं! लोक नको म्हणतात आणि ही बाई आपणहून मागतेय. बटण दाबलं, नर्स शब्द टाकला, प्रज्ञाचा फोटो डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर. बाईंनी बघितला, पसंत म्हणाल्या, आणि चहाचं आधण येण्याआधी जिना उतरल्यासुद्धा. आठवड्याभरात मुलगा बघून गेला, महिन्यात साखरपुडा झाला. सुनंदा हवेत होती. मावशीला तिने साडी नेसवली.

साखरपुड्यानंतर काही आठवड्यांनी मावशी माझ्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "नीता, त्या सुशांतचा आवाज कसा आहे गं?"

मी विचार केला. मलाही आठवेना. साखरपुड्यात तो होता, हसत होता, अंगठी घातली, फोटो काढले. बोलला काय? मी म्हटलं, असेल चांगलाच, तुला गाणं म्हणायला लावायचंय का? ती हसली नाही. म्हणाली, "मी त्या लोकांना बसवलंच नाही. माझ्या घरी आले आणि मी त्यांच्याबद्दल काही ऐकलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. पोरीची नोकरी आहे त्यात. ती गेली तर सुनंदा मरेल."

आणि मग तिने डब्यातली जुनी डिस्क माझ्यापुढे धरली. ही परत बसव म्हणाली.

मी चिडले. का नाही चिडणार? जग पुढे चाललंय आणि ही बाई मला मागे जायला सांगते. म्हटलं, बोलायचंच तर तशीच जा आणि विचार सरळ. ती म्हणाली, "विचारलं की माणूस उत्तर देतो. मला उत्तर नको. एका दिवसापुरती बसव, माझं ऐक." मी बडबडत बडबडत बसवली.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी कॉटन ग्रीनला गेलो. गोदामांच्या मागची जुनी इमारत, तिसरा मजला. नोंद पुरी करायची राहिलीय असा निरोप मावशीने आधी दिला होता. साळवेबाईंनी स्वागत चांगलं केलं. सुशांत सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता, त्याने मान हलवली. मावशीने लॅपटॉप टीपॉयवर ठेवला, बटण दाबलं आणि म्हणाली, "हा उठेपर्यंत बसू. बाई, काही निवडायचं असेल तर द्या, मला हात रिकामे बरे वाटत नाहीत." साळवेबाईंनी ताटात गवार दिली. आणि मी आपली चक्राकडे बघत बसले. इतक्या दिवसांनी ते चक्र बघून मलाच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हॉलचं बोलून झालं. जेवणात जिलेबी की गुलाबजाम, तेही झालं. पाणी किती वाजता येतं, तेही बोलून झालं. मावशी गवार मोडतेय. आतल्या खोलीतून कुणीतरी कण्हलं. पडद्यामागून एक मध्यमवयीन बाई पाण्याचं घमेलं घेऊन मोरीकडे गेली आणि तिच्यामागून असा वास आला की मी श्वास धरला.

साळवेबाई म्हणाल्या, सासरे आहेत. पडून आहेत, दोन वर्षं झाली. मावशी गवार मोडत राहिली. मग बाईंचं सुरू झालं. रात्र रात्र झोप नाही. कूस बदलायची, पुसायचं, भरवायचं, ते ओरडतात, कधीकधी मारतातही. ही मंगल, दिवसाची बाई म्हणून ठेवलीय, पण तिला काय कळतंय. बोलता बोलता बाईंचे डोळे भरले आणि मग पुसून त्या हसल्या. म्हणाल्या, आता सुटले मी. मंगलला या महिन्यानंतर नको म्हणून सांगूनही टाकलं. आता घरातच नर्स येतेय.

मावशीचे हात थांबले. ती कधी कुणाला सरळ प्रश्न विचारायची नाही, पण त्या दिवशी विचारला.

"आणि प्रज्ञाची ड्युटी?"

"ड्युटी कशाला आता?" साळवेबाई म्हणाल्या. "घरात ड्युटी कमी आहे का?"

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं हो, हेच वाईट. त्यांना ते इतकं सरळ वाटत होतं. मावशी सुशांतकडे वळली, म्हणाली, तू काय म्हणतोस बाळा? त्याने मोबाइलवरून डोळे वर केले. "आईने ठरवलंय," म्हणाला आणि परत खाली बघायला लागला.

तेवढ्यात लॅपटॉप उठला. साळवेबाई वाकून बघायला लागल्या, आमच्या सुशांतचा फोटो कुठे आहे? जुन्या डिस्कमध्ये तो कसा असणार, तो आला नवी बसवल्यावर. मावशीने झाकण लावलं. "यात नाही," म्हणाली. निवडलेली गवार बाईंच्या हातात दिली आणि उठली.

जिना उतरताना मी तोंडाला येईल ते बोलत होते. कसली माणसं, फुकटची नर्स पाहिजे होती होय. मावशी कठड्याला धरून सावकाश उतरत होती. म्हणाली, "ती वाईट नाही गं. थकलीय. थकलेलं माणूस दुसऱ्याला जुंपतं. पण म्हणून माझ्या पोरीला का?"

घरी येऊन तिने थेट सुनंदाचं दार गाठलं. मी मागे होतेच. सुनंदा ब्लाउज बेतत होती. मावशीने काही न लपवता सगळं सांगितलं. सुनंदा कात्री खाली ठेवून म्हणाली, हॉल झालाय, पत्रिका वाटून झाल्यात, पाहुणे गावाहून निघतील, आणि आता हे सांगतेस? लग्न झाल्यावर पोरगी घेईल सांभाळून. सगळ्यांच्या घरी म्हातारी माणसं असतात. तू तोंड मिटून बस शालूताई. मावशी म्हणाली, "चूक माझी आहे, तिची शिक्षा पोरीला नको." सुनंदाने तिला दारातून बाहेर जायला सांगितलं. एवढ्या वर्षांची शेजारीण. मला बघवेना.

प्रज्ञा तेव्हाच ड्युटीवरून आली होती. खांद्याला पर्स तशीच. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, चिडली नाही. तिने मावशीला एकच विचारलं, "आजोबांच्या पाठीला जखमा आहेत का?" मावशी म्हणाली, मी बघितलं नाही बाळा, पण वास होता.

दुसऱ्या दिवशी ती एकटी कॉटन ग्रीनला गेली. तिथे काय झालं ते तिने नंतर आम्हाला सांगितलं, तेही विचारून विचारून. आजोबांना कुशीवर वळवलं. कमरेच्या वरती तळहाताएवढी जखम, आत गेलेली. ती साफ केली, पट्टी बांधली. कूस कशी आणि किती वेळाने बदलायची ते मंगलला हात धरून शिकवलं. हवेची गादी कुठे मिळते ते साळवेबाईंना लिहून दिलं. मग हात धुतले, बोटातली अंगठी काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. म्हणाली, "काकी, तुम्हाला नर्स पाहिजे, ती ठेवा. मी सून म्हणून येणार होते." आणि जखम भरेपर्यंत मी ड्रेसिंगला येईन, असंही सांगून आली. गेलीही. मी असते तर गेले नसते, स्पष्ट सांगते.

लग्न मोडलं. त्याचं सगळं खापर मावशीवर. जमलेलं मोडणारी बाई, असं चाळीत झालं, विहारातही झालं. माणसं यायची बंद झाली. सुनंदा तर गॅलरीतून जाताना मावशीच्या दारावरून तोंड फिरवून जायची. मावशी दारातच बसलेली असायची, ती तरीही रोज म्हणायची, जेवलीस का सुनंदा. उत्तर नाही. मी म्हणायचे, कशाला तोंडघशी पडतेस? ती म्हणायची, रागवायचा हक्क आहे तिला, माझ्याच घरातून ते स्थळ गेलं ना.

मग हळूहळू परत एकेक जण यायला लागला. तिने मला नवी डिस्क पुन्हा बसवायला सांगितली. मला वाटलं होतं जुनीच ठेवेल. म्हणाली, जुनी मरायला टेकलीय आणि हळू व्हायला मशीनच कशाला पाहिजे. तेव्हापासून लॅपटॉप एका कापडी पिशवीत, पिशवीला नाडी, नाडीला ही एवढी गाठ. मंडळी आली की ती गाठ सोडवायला बसायची. सुटायची नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणायची, बोटं चालत नाहीत म्हणायची. कुणी मदतीला हात पुढे केला तर राहू द्या, होईल म्हणायची. मी दारातून बघायचे. सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवणारी बाई ती.

गेल्या वर्षी तिला श्वासाचा त्रास सुरू झाला. छातीत पाणी झालं. मिलिंद बदलापूरला न्यायला आला होता, पण प्रज्ञाने ऐकलं नाही, तिने स्वतःच्या हॉस्पिटलात, स्वतःच्याच वॉर्डात तिला दाखल केलं. सुनंदा तिथे पेज घेऊन यायला लागली. पहिल्या दिवशी काय बोलणं झालं त्यांचं ते मला ठाऊक नाही. मी गेले तेव्हा सुनंदा चमच्याने भरवत होती आणि पूर्ण तोंड उघड म्हणून तिच्यावर खेकसत होती.

मी शेवटची गेले ती भेटीच्या वेळेला, संध्याकाळी. त्यानंतर मावशी घरी आली नाही. बायकांचा मोठा वॉर्ड, दोन्ही बाजूंना कॉटा. मावशी उशांना टेकून बसली होती, नाकात नळी. मला वाटलं बोलायचं नाही तिने, म्हणून मी स्टुलावर नुसती बसले. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर प्रज्ञावर होती. प्रज्ञा एकेका कॉटेकडे जात होती. एका म्हातारीची चादर ओढून घेतली, एकीचं सलाईन बघितलं, एक बाई रडत होती तिच्याजवळ जरा वेळ उभी राहिली, कुणाच्या तरी नातेवाइकाला दम दिला. सगळ्या कॉटांवरच्या माना ती जाईल तिकडे वळत होत्या.

मावशीने माझ्या मनगटावर हात ठेवला. नळीतून हवा घेत घेत, सावकाश म्हणाली, "बघ, किती जणींची आहे ती. आणि मी हिला एका म्हाताऱ्याच्या उशाशी बांधून देत होते."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी ते पुसत बसले.

तेवढ्यात प्रज्ञा आमच्या कॉटेशी आली. बीपी बघायचा पट्टा सोडवत म्हणाली, मावशी, हात पुढे कर. मावशीने हात पुढे केला.